आधी पावतीपुस्तक दाखवा

श्रोतेहो, नमस्कार.

भ्रष्टाचार संपवू म्हणणाऱ्या नव्या पक्षाचा कार्यकर्ता दारात येतो, तेव्हा त्याच्या एका हातात पत्रकं असतात आणि दुसऱ्या हातात पावतीपुस्तक. पत्रक सावकाश वाचा. आधी पावतीपुस्तक मागून घ्या.

पावतीवर पक्षाचं नोंदणीकृत नाव, तारीख, तुमचं नाव-पत्ता आणि पैसे रोख दिले की बँकेतून, हे असायला हवं. अनुक्रमांक छापील आहे की पेनानं घातलाय ते बघा. कार्बनखालची स्थळप्रत तुमच्यासमोर उमटतेय का, तेही बघा. दोन हजारांपर्यंतची देणगी रोख चालते. त्यापुढची बँकेमार्फतच आली पाहिजे, नाहीतर पक्षाची करमाफी धोक्यात येते. एका आर्थिक वर्षात एकाच माणसाकडून वीस हजारांहून जास्त आले, तर त्याचं नाव निवडणूक आयोगाला कळवावं लागतं.

मेख इथेच आहे. त्याखालच्या देणगीदाराचं नाव जाहीर करायची सक्ती नाही, आणि दोन हजारांच्या पावत्या किती फाडाव्यात यालाही मर्यादा नाही. एखाद्या कंत्राटदाराचे दहा लाख पाचशे नावांवर आरामात बसतात. कागद चोख, पैसा कुणाचा ते देव जाणे. सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले, तेव्हा निनावी देणगीचा मोठा दरवाजा बंद झाला. ही खिडकी मात्र उघडीच आहे. म्हणून पहिली अट अशी घाला: कायद्यात सक्ती असो-नसो, प्रत्येक देणगी नावासकट पक्षानं स्वतःहून जाहीर करावी.

ही अट हवेतली नाही. आम आदमी पक्षानं ती पाळून दाखवली होती. या पक्षाचं अर्धं मूळ आपल्याकडचं. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंचं एप्रिल २०११ मधलं जंतरमंतरवरचं उपोषण, ऑगस्टमधलं रामलीला मैदान, मग डिसेंबरात मुंबईतल्या एमएमआरडीए मैदानावर जेमतेम जमलेली गर्दी; आणि २६ नोव्हेंबर २०१२ रोजी त्यातूनच निघालेला, पण अण्णांना नको असलेला पक्ष. त्यानं देणगीदारांची यादी संकेतस्थळावर टाकली. तेव्हा हे धाडसाचंच होतं. २०१६ मध्ये यादी काढून टाकली. देणगीदारांना त्रास दिला जातो, असं पक्षाचं म्हणणं होतं. त्यात तथ्य असेलही, सत्तेतल्या मंडळींचं विरोधकांच्या देणगीदारांवर लक्ष असतं हे काही गुपित नाही. पण ज्या भरवशावर लोकांनी पैसे दिले, तोच निघून गेला. अण्णांनी पत्र लिहून जाबही विचारला. तोवर विचारण्यापलीकडे कुणाच्या हातात काही उरलं नव्हतं, कारण यादी ठेवायची की काढायची हे पक्षनेतृत्वच ठरवणार होतं.

तेव्हा दुसरा कागद मागा, पक्षाची घटना. ती नोंदणीच्या वेळी आयोगाला द्यावीच लागते, म्हणजे 'अजून तयार नाही' हे उत्तर चालणार नाही. उद्दिष्टांची पहिली पानं सरळ उलटा. ती सगळ्याच पक्षांची गोड असतात. अंतर्गत चौकशी कोण करतो, त्याला कोण नेमतो, आणि मुख्य म्हणजे त्याला काढू कोण शकतो, ही कलमं शोधा. आम आदमी पक्षात अंतर्गत लोकपाल होते, माजी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल रामदास, आपल्या अलिबागजवळ राहणारे. मार्च २०१५ मध्ये, दिल्लीत सत्तरपैकी सदुसष्ट जागा जिंकल्याला जेमतेम दीड महिना होतोय तोच पक्षात फूट पडली. राष्ट्रीय परिषदेच्या बैठकीला येऊ नका, असं लोकपालांनाच कळवलं गेलं, आणि लगेच नवं लोकपाल मंडळ नेमलं गेलं. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच हातात नेमणूक असली की असंच होणार. लोकपाल पक्षाबाहेरच्या समितीनं नेमावा, मुदत ठरलेली असावी, अहवाल थेट सदस्यांपुढे जावा, असं कलम घटनेत आहे का? आणि घटना बदलायला किती बहुमत लागतं? साध्या बहुमतात बदलता येत असेल, तर बाकी कलमांचं कौतुक आवरा.

नोंदणीविषयी थोडक्यात सांगतो. शंभर मतदार-सदस्य, शपथपत्रं आणि शुल्क एवढ्यावर पक्ष नोंदता येतो. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतून काढले. तेही 'नोंदणीकृत'च होते.

आता उमेदवार. उमेदवारी अर्जासोबत द्यावं लागणारं नमुना २६ मधलं शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येतं. बहुतेक जण गुन्ह्यांचा रकाना बघून बंद करतात. खरी मजा पुढे आहे. पाच वर्षांचं उत्पन्न, जोडीदाराचं उत्पन्न, जमीन-फ्लॅट कधी आणि कितीला घेतला, आजचा भाव काय, कर्ज किती, हे सगळं एकाशेजारी एक मांडा. समजा, दोन वर्षांपूर्वी घेतलेला फ्लॅट ऐंशी लाखांचा, नवराबायकोचं पाच वर्षांचं उत्पन्न मिळून पंधरा लाख, आणि कर्जाच्या रकान्यात 'निरंक'. वडिलोपार्जित जमीन विकली असेल, मृत्युपत्रानं पैसे आले असतील. पण विचारायलाच हवं. कोरा रकाना चालत नाही, 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहावंच लागतं. उमेदवार आधी लढला असेल तर जुनं शपथपत्रही काढा आणि दोन्हींमधली तीच मालमत्ता ताडून बघा. प्रलंबित खटला असलेल्याला तिकीट दिलं, तर का दिलं याची कारणं पक्षाला जाहीर करावी लागतात, आणि 'निवडून येतो' हे कारण चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितलं आहे. नव्या पक्षाच्या पत्रकात ही कारणं वाचताना बरेचदा करमणूकही होते.

स्वच्छ उमेदवार पुरतो असंही नाही. २०१४ च्या लोकसभेला मेधा पाटकर, सिंचन खात्यातला गैरकारभार उघड करणारे अभियंता विजय पांढरे अशी माणसं आम आदमी पक्षातर्फे महाराष्ट्रात उभी होती. सगळी हरली. त्याच वर्षी ऑक्टोबरातल्या विधानसभेला पक्ष उतरलाच नाही, आणि तापलेले कार्यकर्ते घरी बसले. लोकसभेच्या एका मतदारसंघात दीड-दोन हजार मतदान केंद्रं असतात. किती केंद्रांवर तुमचा माणूस बसेल, हा प्रश्न उमेदवाराच्या चारित्र्याइतकाच महत्त्वाचा आहे. आकडा सांगता येत नसेल, तर तुमची देणगी फलकांवर जाणार असं समजा.

आणि जिंकल्यावर? 'पारदर्शक कारभार' या शब्दांवर सही घेऊ नका, त्यांचा काही उपयोग नाही. वॉर्डातल्या एका रस्त्यावर या. काँक्रीट दीडशे मिलिमीटर टाकायचं ठरलं, प्रत्यक्षात शंभर पडलं, आणि मोजमाप पुस्तिकेत, जिला सगळे एमबी म्हणतात तिच्यात, दीडशेच लिहिलं गेलं. बिल एमबीवर निघतं, रस्त्यावर नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. तोवर बिल निघून गेलेलं असतं. म्हणून नगरसेवकपदाच्या उमेदवाराकडून एवढंच लेखी घ्या: अंदाजपत्रक, कार्यादेश, एमबीची पानं आणि बिल मिळवून बिल निघण्याआधी वॉर्डातल्या फलकावर लावीन. जमणार नाही म्हणाला, तर कुठे अडतं ते विचारा. प्रामाणिक माणूस तिथे तपशिलात शिरतो.

या अटी एका पानावर लिहा, प्रत्येकीपुढे तारीख घाला, पक्षाच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. पैसे त्यानंतर, आणि एकदम नकोत. अर्धे आता, अर्धे हिशेब बघून. पक्षाचा वार्षिक हिशेब आणि देणग्यांचा अहवाल साधारण ऑक्टोबरअखेर आयोगाकडे जातो, नंतर संकेतस्थळावर चढतो. वीस हजारांवर दिले असतील, तर त्यात तुमचं नाव शोधा. कमी दिले असतील, तर पावती घेऊन कार्यालयात जा आणि त्या क्रमांकाची स्थळप्रत काढायला सांगा.

नमस्कार.