कपडा बसला नाही, तर चूक कुणाची?

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी तोंडावर आली आहे. आपल्या नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, सदर-धरमपेठेतही तीच गत. या गर्दीत एखाद्या कपड्याच्या दुकानातल्या ट्रायल रूमबाहेर थोडा वेळ उभं राहून पाहा. आत मुलगी, बाहेर तिची आई हातात आणखी दोन कुर्ते धरून. आतून आवाज येतो, "आई, नाही जाऊन राहिला गं हा दंडात." आणि लगेच पुढे, "मीच जाड झाली." हा कुर्ता दंडात अरुंद कापलाय, असं आतून कुणी म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

मी महालात शिवणकामाचं दुकान चालवते आणि मुलींना कटिंग शिकवते. फॅशनचा धंदा लोकांच्या मनात स्वतःच्याच शरीराबद्दल नावड निर्माण करतो का, या प्रश्नावर बोलायला आज आकाशवाणीनं मला बोलावलं आहे. या विषयावरचं बहुतेक बोलणं बारीक मॉडेल्सच्या फोटोंभोवती फिरतं. त्याकडे मी येणारच आहे, पण आधी मापाबद्दल बोलते. फोटो पाहून मनाला टोचणी लागते आणि पान उलटलं की माणूस तो विसरूही शकतो. न बसणारा कपडा मात्र प्रत्यक्ष अंगावर अडकतो, आणि तो अनुभव विसरता येत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. हा धंदा जबाबदार आहे. एकटा नाही, पण त्याचा वाटा मोठा आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येतं.

रेडिमेड कपडा कसा बनतो ते पाहू. कंपनी एक बाई निवडते, तिला 'फिट मॉडेल' म्हणतात. पहिला नमुना तिच्या अंगावर बसवून पक्का केला जातो. मग त्याच नमुन्यावरून लहानमोठे साइझ काढतात. याला ग्रेडिंग म्हणतात. छाती दोन इंचांनी वाढवली की कंबर दोन इंच, सीट दोन इंच, मुंडा म्हणजे बाहीचा घेर आणि तिरा म्हणजे खांद्याची रुंदी, तीही ठरलेल्या हिशेबानं. कागदावर हे चोख दिसतं. पण माणूस असा हिशेबानं वाढत नाही. बाळंतपणानंतर बाईचं पोट सुटतं, खांदा तेवढाच राहतो. धानाच्या रोवणीला जाणाऱ्या, डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या बायकांचे दंड भरलेले असतात आणि कंबर बारीक असते. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त तक्रार दंडाचीच येते. त्या बाईच्या दंडात काही खोट नाही. तो दंड कामाचा आहे. नमुना कापणाऱ्यानं तसा दंड डोळ्यांसमोर धरलाच नव्हता.

मग डोळ्यांसमोर कोण होतं? बायकांच्या कपड्यांचे प्रमाण साइझ ठरवण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९३९-४० मध्ये तिथल्या सरकारी खात्यानं सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९. काम मेहनतीचं होतं यात शंका नाही. पण शेवटी हिशेबात धरली ती फक्त गोऱ्या बायकांची मापं. त्याच आकड्यांच्या आधारानं १९५८ मध्ये तिथे प्रमाण साइझ जाहीर झाले, आणि ते तिथल्याच बायकांना नीट बसेनात म्हणून १९८३ मध्ये सरकारनं मागेही घेतले. आपल्याकडच्या कंपन्या वर्षानुवर्षं अमेरिकेचे आणि ब्रिटनचे तक्ते थोडेफार इकडेतिकडे करून वापरत आल्या. भारतीय माणसांची मापं घेऊन भारतीय तक्ता करावा, असा प्रकल्प निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं जाहीर केला तो २०१८ मध्ये. देशातली सहा शहरं आणि २५,००० हून जास्त माणसं, असं त्याचं स्वरूप ठरलं. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं आपण दुसऱ्यांच्या मापात अंग कोंबत राहिलो, आणि कोंबता आलं नाही की स्वतःला दोष देत राहिलो. मला याचा राग येतो, आणि तो लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

आपल्या गावात हे कधीपासून सुरू झालं याचाही विचार करते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला इथे सुरू झाली. या गावानं सव्वाशे वर्षं कापड विणलं. इतवारीत, गांधीबागेत जाऊन थानातून कापड फाडून आणायचं आणि शिंप्याकडे टाकायचं, ही रीत होती. शिंपी तुमच्या अंगावर टेप लावायचा, आत चांगली माया, म्हणजे शिलाईत जादा कापड, ठेवायचा, आणि दोन वर्षांनी अंग भरलं की उसवून तोच कपडा सैल करून द्यायचा. त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. नऊवारी लुगड्याला तर साइझच नव्हता. सून आणि सासू एकच लुगडं नेसू शकत होत्या. २००२ मध्ये ती मिल बंद झाली आणि आज तिच्या जागेवर मॉल उभा आहे. मॉल वाईट असं मी म्हणत नाही. मुलींना हवं ते हात लावून पाहता येतं, स्वस्तही मिळतं. पण पूर्वी कपडा अंगाप्रमाणे बेतला जायचा, आता अंगानं कपड्याप्रमाणे व्हायचं असतं. हा बदल आपण न बोलता मान्य करून टाकला.

दुकानाच्या काचेमागे पुतळा उभा असतो, त्याच्या मागच्या बाजूला कधी गेला आहात का? जरूर जा. ड्रेस पाठीमागून मूठभर गोळा करून टाचण्यांनी आवळलेला असतो. म्हणजे दुकानातला सगळ्यात लहान साइझसुद्धा त्या पुतळ्याला सैल होतो! फोटो काढतानाही मॉडेलच्या पाठीला अशाच क्लिपा लावतात. समोरून दिसणारी ती तंतोतंत बसलेली कंबर त्या कपड्यात शिवलेलीच नसते. माझ्या क्लासमध्ये नवीन मुलगी आली की मी तिला आधी हे दाखवते. एक मुलगी टाचण्या मोजत बसली आणि म्हणाली, "बाप्पा, मावशी, म्हणजे हिलेबी नाही होत हा!" तिच्या चेहऱ्यावरचा तो सुटकेचा भाव पाहून मला आनंद झाला, आणि वाईटही वाटलं, कारण हे तिला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

आता मॉडेल्सकडे येते. त्या मुलींना दोषी धरू नका, या धंद्याचा पहिला मार त्यांनीच खाल्ला आहे. २००६ मध्ये उरुग्वेची लुईसेल रामोस आणि ब्राझीलची आना कॅरोलिना रेस्टन या दोन तरुण मॉडेल्स उपासमारीनं खंगून मरण पावल्या. रेस्टन २१ वर्षांची होती. त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन शोनं उंचीच्या मानानं फारच कमी वजन असलेल्या मॉडेल्सना मंचावर येऊ दिलं नाही. फ्रान्सनं पुढे कायदाच केला. २०१७ पासून तिथे मॉडेलला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, आणि जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर संगणकावर बारीक किंवा जाड केलं असेल तर फोटोवर तसं छापावं लागतं. धंदा निर्दोष असता, तर त्याच्या माहेरघरात असा कायदा करायची पाळी आली नसती.

धंद्यातली माणसं म्हणतात, लोकांना जे आवडतं तेच आम्ही दाखवतो. यावर मला फिजीचं उदाहरण द्यावंसं वाटतं. पॅसिफिक महासागरातल्या या बेटांवर भरलेलं अंग म्हणजे चांगल्या घरचं लक्षण मानलं जायचं. तिथल्या एका भागात १९९५ मध्ये पहिल्यांदा टीव्ही आला. ॲन बेकर या संशोधक बाईंनी टीव्ही येताच आणि पुन्हा तीन वर्षांनी शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करायला मुद्दाम ओकारी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. १९९८ मध्ये असं करणाऱ्या मुली ११ टक्के निघाल्या. त्या बेटावर बारीक दिसण्याची मागणी आधी नव्हती. चित्रं आधी आली, मागणी मागून आली.

आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली' हे गोरेपणाचं क्रीम १९७५ मध्ये बाजारात आलं. नोकरी हवी, नवरा हवा, तर रंग उजळा, हे त्याच्या जाहिरातींनी दोन पिढ्यांना शिकवलं. २०२० मध्ये त्याच्या नावातला गोरेपणा काढला गेला. त्या दोन पिढ्यांतल्या सावळ्या मुलींनी जे ऐकून घेतलं, त्याची भरपाई नाव बदलून होत नाही.

पण या ठिकाणी मला घराकडेही वळलं पाहिजे. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, सडपातळ' हे शब्द कुठल्या कंपनीनं घातले नाहीत. ते आपण पैसे देऊन छापून घेतले. "अगं, किती वाळली पोट्टी!" आणि "पुरे कर आता, लग्न व्हायचं आहे" ही दोन्ही वाक्यं एकाच घरात, एकाच मुलीला, एकाच पंगतीत ऐकवली जातात. मुलांनाही सोडत नाही आपण. काडीपैलवान म्हणून हिणवलेला पोरगा जिममध्ये जाऊन पावडरींचे डबे रिकामे करत असतो. धंद्यानं ही लाज पहिल्यांदा निर्माण केली असं मी म्हणत नाही. ती घरात होतीच. धंद्यानं तिला आकडा दिला आणि किंमतीची चिठ्ठी लावली. आता फोनमुळे ती चोवीस तास हातात असते. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्याच अंतर्गत अभ्यासात काय निघालं होतं, ते २०२१ मध्ये बाहेर आलं. शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी सांगितलं होतं की इन्स्टाग्रामनं ते आणखी वाढतं. कंपनीला हे माहीत होतं.

माझ्या शिवणाऱ्या भावाबहिणींना एक कळकळीची विनंती आहे. मापं घेताना आपण ती ओरडून सांगतो आणि पोऱ्या वहीत लिहितो. "कंबर छत्तीस, सीट बेचाळीस!" दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली असतात. ती मुलगी श्वास रोखते, पोट आत ओढते, आणि आपण ते ओढलेलं माप लिहून घेतो. मग ब्लाऊज तंग येतो आणि ती समजते की आठ दिवसांत आपण आणखी सुटलो! माप स्वतः लिहा, मनात वाचा. आणि टेप लावण्याआधी म्हणा, "ताई, श्वास सोडा."

घरात एखादी मुलगी किंवा मुलगा जेवण टाळत असेल, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जात असेल, आरशासमोरून हटत नसेल किंवा आरसाच टाळत असेल, तर रागावू नका, हसण्यावारीही नेऊ नका. हा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. मेडिकलमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे. घरबसल्या बोलायचं तर सरकारच्या टेलिमानस या मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आणि या आठवड्यात खरेदीला निघालात, तर साइझचा आकडा पाहू नका. अंग जिथे सगळ्यात भरलेलं आहे तिथे जो कपडा मोकळा बसेल तो उचला, मग तो एक्सएल असो की ट्रिपल एक्सएल. बाकी ठिकाणी ढगळ वाटला तर गल्लीतल्या अल्टरवाल्याकडे न्या. तो थोड्या पैशांत बाजू आत घेऊन देईल. फक्त त्याला सांगा, शिलाईत माया ठेव, कापून टाकू नको.

नमस्कार.