वणीचा घाट आणि घरी बांधलेली इलेक्ट्रिक मोटारसायकल

(दृश्य: नाशिक–दिंडोरी–वणी रस्ता, सकाळ)

नाशिकहून दिंडोरीमार्गे वणीकडे जाताना फारसा चढ लागत नाही. ७२ व्होल्टची, घरी बांधलेली मोटारसायकल इथे ताशी ४० किलोमीटरने आरामात पळते आणि बॅटरीतून साधारण १३ अँपिअर ओढते. वणीच्या पुढे नांदुरीला सप्तशृंगगडाचा घाट सुरू होतो आणि हिशोबच बदलतो. गाडी आणि चालक मिळून २०० किलो, बारा मीटरला एक मीटर चढ आणि ताशी ३०चा वेग धरला, तर करंट ३० अँपिअरच्या घरात जातो. करंट सव्वादोन पट झाला, पण तारांच्या जोडांमधली उष्णता पाचपट वाढली, कारण ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सपाटीवर लपून राहिलेला ढिला लग (तारेच्या टोकाला बसवलेली, बोल्टने आवळायची धातूची कडी) इथे उघडा पडतो.

म्हणून देखभाल जोडांपासून सुरू करायची.

(दृश्य: सीट काढलेली गाडी, बॅटरीची पेटी उघडी)

आधी हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. मेन कनेक्टर काढला तरी कंट्रोलरमधल्या (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या डब्यातल्या) कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो. त्याच्या दोन टोकांना २३० व्होल्टचा साधा फिलामेंटचा बल्ब काही सेकंद लावा, म्हणजे तो उतरतो.

जोड तपासायची खात्रीची पद्धत मिलिव्होल्टची. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवा. एक प्रोब लगच्या नळीवर आणि दुसरा त्याच जोडाच्या टर्मिनलवर टेपने पक्का बसवा. मोकळ्या चढावर गाडी चालवा. मीटर मागे बसलेल्याने पाहायचा, चालवणाऱ्याने नाही. ३० अँपिअरला ५ मिलिव्होल्ट दिसले तर जोड चांगला. ५० दिसले तर त्या एवढ्याशा जागेत दीड वॅट उष्णता तयार होते आहे. उद्या कंट्रोलर बदलून करंट ८० अँपिअर केला, की तोच जोड जवळपास ११ वॅट तापेल आणि शेजारच्या सेलचं टर्मिनलही भाजून काढेल.

जोड तापण्याची मुख्य कारणं दोन. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चौकोनी सेलचं टर्मिनल बहुधा ॲल्युमिनियमचं असतं आणि त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. तो बारीक पॉलिश पेपरने घासून लगेच दोन सेलना जोडणारी पट्टी बसवायची. बोल्ट सेलच्या कंपनीने सांगितलेल्या टॉर्कइतकाच आवळायचा. जास्त जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात आणि सेल वाया जातो. दुसरं कारण म्हणजे पकडीने चेपलेला लग. क्रिम्पिंग (लग दाबून तारेवर पक्का बसवणं) षटकोनी डायच्या हत्यारानेच करा. नुसतं सोल्डर केलं तर ते तारेत वर चढतं, तार कडक होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते.

घाट चढून आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने लग तपासता येतात. पण चकचकीत धातूवर तो कमी तापमान दाखवतो. लगवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा.

बीएमएसच्या (बॅटरीच्या सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटच्या) ॲपमध्ये सेलचे व्होल्टेज दिसत असतील, तर तेही चढावरच पाहायचे. उभ्या गाडीत सगळे सेल सारखेच दिसतात. चढावर एखादा बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टने खाली बसला, तर आधी त्याची पट्टी तपासा, मग सेलला दोष द्या. बॅलन्सिंगला, म्हणजे सगळे सेल सारखे भरून घ्यायला, घाई चालत नाही. साध्या बीएमएसचा बॅलन्स करंट ५० ते १०० मिलिअँपिअर असतो आणि ते काम चार्जिंगच्या शेवटी होतं. म्हणून अधूनमधून चार्जर रात्रभर, माणूस घरात असताना, लावून ठेवावा.

(दृश्य: नवा कंट्रोलर बसवताना)

अपग्रेड म्हटलं की पहिला मोह कंट्रोलरचा. ४० अँपिअरचा काढून ८०चा बसवला, तर बीएमएस, तार, फ्यूज, सगळंच मागोमाग बदलावं लागतं. बीएमएस ६० अँपिअरचा राहिला तर भर चढावर गाडी एकदम बंद पडेल. तार १६ चौरस मिलिमीटरची घ्या. ४० अँपिअर-अवरच्या सेलवर ८० अँपिअर म्हणजे २सी, सेलच्या क्षमतेच्या आकड्याच्या दुप्पट करंट. सेलच्या डेटाशीटमध्ये तेवढं सतत चालतं का, ते आधी बघा. फ्यूज डीसीसाठीचाच आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ. घरातला एसीचा एमसीबी इथे कामाचा नाही, डीसीची ठिणगी त्याच्याने तुटत नाही. कनेक्टर जोडताना उडणारी ठिणगी टाळायला १०० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टन्समधून आधी दोन-तीन सेकंद कपॅसिटर भरून घ्या.

हब मोटरचा (चाकातच बसवलेल्या मोटरचा) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढला की ॲक्सल आपल्याच खाचेत फिरायला बघतो. फिरला, तर फेजच्या, म्हणजे मोटरला वीज नेणाऱ्या, तारा पिळवटून तुटतात. दोन्ही बाजूंना ॲक्सल धरून ठेवणारे स्टीलचे टॉर्क आर्म हवेत. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंगवाल्याकडे नेमक्या मापाचे कापून मिळतात.

पावसाळ्यात मोटरकडे जाणारी तार ॲक्सलच्या खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला ठिबकतं, आत शिरत नाही. प्रेशरच्या पाण्याने हब धुवू नका.

मोटरची ताकद वाढवणं म्हणजे कायद्याने वाहनात बदल करणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते.

गडावर चार्जिंग करणार असाल, तर बॅटरी पूर्ण भरू नका. भरलेल्या बॅटरीवर उतारात रीजेन (मोटरने ब्रेक लावून बॅटरीत परत वीज भरणं) चालू राहिला, की व्होल्टेज चढतं, बीएमएस चार्जिंग तोडतो आणि मोटरचा ब्रेक वळणावर अचानक सुटतो. ८५ टक्क्यांवर थांबा, आणि उतरण्याआधी ब्रेक पॅडची जाडी बघून घ्या.