ओटीपी त्यांनी कोणालाच दिला नव्हता

(दादरला छोट्या संस्थांच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. फळ्यावर लिहिलाय तोच विषय आहे: संस्थेच्या वेबसाइटच्या ॲडमिन पॅनेलला, म्हणजे मजकूर बदलायच्या आतल्या पानाला, हार्डवेअर किल्ली कशी जोडायची. ही किल्ली म्हणजे लॉगिनच्या वेळी जोडून स्पर्श करायचं एक छोटं उपकरण. तिकडे येतोच. पण आधी एका ताईंबद्दल बोलू द्या, त्यांच्यामुळेच मी हा विषय घेऊन फिरतो आहे.

मध्य मुंबईतली एक संस्था, नाव सांगत नाही. शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्त्या देते. पावत्या, पत्रव्यवहार आणि वेबसाइटवर मजकूर चढवणं, सगळं या ताईंकडे. गणपतीच्या आधी, देणग्यांच्या गर्दीत, त्यांना मेल आली की पॅनेलमध्ये तातडीचा बदल आहे, लॉगिन करा. दुव्यावर गेल्या तर पान नेहमीचंच. बोधचिन्ह तेच, रंग तोच. त्यांनी पासवर्ड टाकला, मोबाइल ॲपमधला सहा आकडी कोडही टाकला. पत्त्यात मात्र इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून बसवले होते. तो कोड तीसएक सेकंद चालतो. पलीकडच्या प्रोग्रॅमनं तो लगेच खऱ्या पॅनेलमध्ये टाकला आणि आत शिरला. शनिवार-रविवार देणगीच्या पानावर दुसऱ्याच कुणाचा क्यूआर कोड होता.

सोमवारी कार्यकारिणी बसली. जो तो विचारत होता, ‘अहो, पत्ता नीट वाचला नाहीत का?’ ताईंचे ॲडमिन अधिकार काढून घेतले आणि भिंतीवर कागद लागला: ‘ओटीपी कोणालाही देऊ नये.’ महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. मला त्या कागदाचा आजही राग येतो. त्यांनी ओटीपी कोणालाच दिला नव्हता! रोज जिथे टाकतात तसल्याच पानावर टाकला होता.

आज लॉगिन करताना पत्ता अक्षर न अक्षर कोणी वाचला? हात वर करा. दोन. त्यातले एक काका पंख्याकडे बोट दाखवताहेत. पंखा वाढवा हो कुणीतरी. आणि लोकलमध्ये दाराशी उभं राहून मोबाइलवर लॉगिन करणाऱ्याला तर पूर्ण पत्ता दिसतसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, ॲपपेक्षा एसएमएसवरचा ओटीपी बरा. रिझर्व्ह बँकेनं २००९ मध्ये ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना पासवर्डासारखी जास्तीची खात्री सक्तीची केली, तेव्हापासून हळूहळू ओटीपी आपल्या अंगवळणी पडला. त्यानं पुष्कळ चोऱ्या थांबवल्या, हे मान्य. पण २०१८ च्या डिसेंबरअखेरीस याच शहरातल्या एका व्यापाऱ्याला रात्री मिस्ड कॉल आले, त्याच्या नंबरचं नवं सिम दुसऱ्याच्या हातात गेलं आणि खात्यांतून पावणेदोन कोटींहून जास्त रक्कम गेली. म्हणजे एसएमएसमध्ये फसव्या पानाचा धोका आहेच, वर सिमचाही.

किल्लीचं वेगळेपण असं, की पत्ता वाचायचं काम माणसाकडे राहतच नाही. किल्ली नोंदवताना ती त्या डोमेनपुरती, म्हणजे साइटच्या पत्त्यातल्या मुख्य नावापुरती, दोन जुळणाऱ्या सांकेतिक आकड्यांची एक जोडी बनवते. खाजगी भाग किल्लीतच राहतो, सार्वजनिक भाग साइट चालवणाऱ्या सर्व्हरकडे जातो. लॉगिनच्या वेळी आपण कुठल्या डोमेनवर आहोत हे ब्राउझर स्वतः सांगतो. ‘आरएन’वाल्या पानासाठी किल्लीकडे जोडीच नसते, मग ताईंनी कितीही वेळा स्पर्श केला तरी चोराला काही मिळत नाही. गूगलनं २०१७ पासून कर्मचाऱ्यांना किल्ल्या सक्तीच्या केल्या. पुढच्या वर्षी त्यांनी सांगितलं, की तेव्हापासून कामाचं एकही खातं फिशिंगनं, म्हणजे असल्या नकली पानांच्या फसवणुकीनं, गेलेलं नाही. २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीच्या तीन कर्मचाऱ्यांनी नकली पानावर पासवर्ड टाकलेही, तरी चोर किल्लीपाशी अडला. ही जाणकार, तांत्रिक माणसं बरं का. त्यांचेही डोळे फसले. मग आमच्या ताईंनाच का धारेवर धरलं?

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटांत सभागृह सोडायचं आहे. तेव्हा जोडणी भराभर सांगतो, लिहून घ्या.

किल्लीनं लॉगिन करायचं मानक आहे वेबऑथन, २०१९ पासून वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेची अधिकृत शिफारस. साइट एचटीटीपीएसवर हवी. नोंदणीत सर्व्हरनं दर वेळी नवं, यादृच्छिक चॅलेंज (किल्लीकडे उत्तरासाठी पाठवायचा आकडा) द्यायचं आणि ते सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरकडच्या त्या भेटीच्या नोंदीत, ठेवायचं, एकदा वापरलं की रद्द. किल्लीचा आयडी आणि सार्वजनिक भाग वेगळ्या टेबलात ठेवा, म्हणजे एका माणसाच्या अनेक किल्ल्या बसतील. लॉगिनला चॅलेंज, ओरिजिन (पानाचा पत्ता), डोमेनचा हॅश (नावावरून काढलेला सांकेतिक ठसा) आणि किल्लीतल्या खाजगी भागानं केलेली सही, चारही तपासायचं. हा तपासणीचा कोड स्वतः लिहू नका, तयार, नियमित देखभाल होणारी लायब्ररी (कोडचा संच) घ्या. पासवर्ड बरोबर आला म्हणून लगेच ॲडमिन सेशन देऊ नका. किल्ली पटेपर्यंत तो माणूस बाहेरच.

डोमेन बदललं तर साधारणपणे सगळ्या किल्ल्या पुन्हा नोंदवाव्या लागतात. त्यामुळे नाव पक्कं झाल्यावरच हे काम काढा.

आता सर्वांत महत्त्वाचं. प्रत्येकाला दोन किल्ल्या: एक रोजची, एक कपाटातली. दोन्ही हरवल्या तर छापील रिकव्हरी कोड, डेटाबेसात फक्त त्यांचे हॅश. नवी किल्ली जोडायची तर जुनीचा स्पर्श मागा. आणि ‘किल्ली नसेल तर एसएमएस’ असा पर्याय ठेवू नका. चोर तोच निवडेल. साइट वर्डप्रेसवर चालत असेल तर ॲप्लिकेशन पासवर्ड आणि एक्सएमएल-आरपीसी, ही दुसऱ्या प्रोग्रॅम्सना आत यायला ठेवलेली बाजूची दारंही बघा, तिथे किल्ली कोणी विचारत नाही.

लॉगिन झाल्यावर संगणकातल्या व्हायरसनं सेशनची कुकी, म्हणजे ब्राउझरमधली लॉगिन झाल्याची खूण, पळवली तर किल्ली काही करू शकत नाही, म्हणून देणगीचा क्यूआर बदलताना पुन्हा स्पर्श मागा. त्या संस्थेत एवढं जरी असतं तरी तो कोड बदलला गेला नसता.

किल्ल्या या टेबलावर आहेत, हात लावून बघा. एकीची किंमत काही हजार रुपये. खर्च मंजूर करून घेताना अध्यक्षांपासून नव्हे, रोज पॅनेल उघडणाऱ्या माणसापासून सुरुवात करा.