खिशातला कागद

श्रोतेहो, नमस्कार.

१८ जुलै १८६३. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, आणि राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन सहा तास लष्करी खटल्यांचे कागद वाचत बसलेले. पलटण सोडून पळाला, सापडला, गोळी घाला! अशा शिपायांना माफ करायला कागदात कुठे जागा सापडते का, हे लिंकन शोधत होते. त्यांचे चिटणीस जॉन हेय यांच्या रोजनिशीत ही नोंद आहे.

सेनापती कुरकुरायचे, शिस्त राहायची कशी? तेही खोटं नव्हतं. त्या युद्धात पळपुटे म्हणून शंभरावर शिपाई गोळ्यांना बळी पडलेच. पण फेब्रुवारी १८६४ मध्ये लिंकननी हुकूम काढला, की अशांना गोळी नको, फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांवर युद्ध संपेपर्यंत कैदेत ठेवा. गोळी नको, कैद.

आता मला सांगायचाय तो रॉसवेल मॅकिन्टायर. सहाव्या न्यूयॉर्क घोडदळातला साधा शिपाई. त्याच्यावर पळून गेल्याचा आळ होता. ४ ऑक्टोबर १८६४ रोजी लिंकननी त्याच्यासाठी स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या. रेजिमेंटमध्ये परत जा, बुडालेले दिवस भरून काढ, मुदत इमानानं पुरी कर, म्हणजे सगळं माफ. आणि शेवटी, हाच कागद तुझा परवाना. ‘पळाला’ असं त्यांनी लिहिलं नाही बरं का, ‘पळाल्याचं म्हणतात’ अशा अर्थाचा शब्द घातला. पोरावर डाग ठेवला नाही.

माझं तर ठाम मत आहे, महत्त्वाचं पत्र हातानंच लिहावं. माझ्या आजोबांची पोस्टकार्डं अजून ट्रंकेत आहेत, घडीवर फाटलेली. छापील पत्रिका कोण जपतो सांगा?

तर मॅकिन्टायर गेला. पलटणीत परत गेला, श्रोतेहो. १ एप्रिल १८६५ ला व्हर्जिनियात फाइव्ह फोर्क्सची लढाई झाली. आठच दिवसांनी शत्रूचे, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे, जनरल ली शरण येणार होते. आठच दिवस! लढाईनंतर मैदानावरच्या एका प्रेताच्या अंगावर एक कागद सापडला. लिंकनचं अक्षर, लिंकनची सही. आणि त्याच कागदावर मग कुणीतरी दुसऱ्या हातानं लिहून ठेवलं, की हा फाइव्ह फोर्क्सच्या लढाईत आर. मॅकिन्टायरच्या अंगावरून काढला.