पान उलटताना बोट ओलं करू नका

धुळ्याचं श्री समर्थ वाग्देवता मंदिर. नाव मंदिराचं, पण इथं जपली आहेत ती हस्तलिखितं. शंकर श्रीकृष्ण देव पेशाने वकील. त्यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि मठामठांतली रामदासी बाडं, पोथ्या गोळा केल्या. समर्थांच्या हातची म्हणून जपलेली वाल्मीकी रामायणाची प्रत इथलीच. तिचं दर्शन जरूर घ्या, पण एखाद्या साध्या नकलेपाशीही थांबा. संप्रदाय गावोगाव पोचला तो अशा नकलांमधून. दासबोधाचे २० दशक, २०० समास, आणि सगळं बोरूने उतरवायचं!

पोथीची पानं आडवी आणि सुटी, शिवण नाही. पानाचा आकडा मागच्या बाजूला, समासात, म्हणजे कडेच्या कोऱ्या जागेत. शब्द तोडून लिहिलेले नसतात, म्हणून आधी दंडांमधला, म्हणजे उभ्या रेघांमधला, ओवीचा आकडा शोधा. दोन ओव्या एकाच शब्दाने संपल्या, की लिहिणाऱ्याची नजर घसरते आणि मधली ओवी गळते. आकड्याने उडी मारली असेल, तर चूक तिथेच सापडते. गळलेला मजकूर बहुधा समासात, काकपदाची, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी, खूण करून लिहिलेला असतो.

आता हा पिवळा डाग जवळून पाहा. हा हरताळ, एक पिवळं खनिज. चुकलेल्या अक्षरावर तो फासायचा, वाळला की वरून बरोबर अक्षर काढायचं. ‘हरताळ फासणे’ आपण रोज बोलतो, ते हेच. हरताळात आर्सेनिक असतं, विषारी. जुन्या पोथीचं पान जिभेला बोट लावून कधीच उलटू नका.

शाई काजळाची, डिंकात खललेली. उजेडाने ती सहसा विटत नाही, पण डिंक ओल धरतो. खानदेशी उन्हाळ्यात कागद इतका कडक होतो की दुमडला तर तुटतो, आणि पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात. ओढून सोडवली, तर अक्षरं समोरच्या पानावर निघून येतात. घरी पोथी असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत ओल कोंडते. वरखाली लाकडी फळ्या, धुतलेलं सुती बासन, म्हणजे गुंडाळायचं कापड, आणि कसर लागू नये म्हणून शेजारी वेखंडाची पुरचुंडी.

शेवटच्या पानावर पुष्पिका: नक्कल कोणी केली, कुठं, कोणत्या शकात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर ७९ मिळवा. बासनाला घासून आधी झिजतं ते हेच पान. म्हणून घरची पोथी सोडलीत, की सगळ्यात आधी त्याचा फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून.