जेजेच्या प्रदर्शनात अक्षरं पाहताना

नमस्कार श्रोतेहो.

सीएसएमटीहून बाहेर पडून क्रॉफर्ड मार्केटकडे चालू लागलं, की डाव्या हाताला जेजेचं, म्हणजे सर जे. जे. कलाशाळेचं आवार लागतं. मूळ कलाशाळा १८५७ सालची. तिथे १९३५मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला आणि १९६१मध्ये उपयोजित कलेची, म्हणजे जाहिरात, छपाई अशा रोजच्या वापरातल्या कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली. या संस्थेतल्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन पाहायला मी आवर्जून जातो. आज तुम्हालाही सोबत न्यायचं आहे.

पोस्टर, मुखपृष्ठं, वेष्टनं, जाहिरातींची कॅम्पेन्स... नजर आधी रंगांकडे आणि चित्रांकडे धावते. धावू द्या. मग मात्र अक्षरांपाशी थांबा, त्यातही देवनागरी अक्षरांपाशी.

कारण मुलांचा खरा कस तिथे लागतो. रोमन अक्षरं तळरेषेवर उभी असतात, आपली शिरोरेषेखाली लोंबतात. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार. दोन ओळी जरा जवळ आणल्या, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला टेकलाच! इंग्रजीसाठी केलेल्या मांडणीत मराठी मजकूर नुसता ओतला, की पोस्टरचा श्वास कोंडतो. शिवाय मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे. ‘आचार्य’मधला रफार वेगळा, ‘सुऱ्या’मधला अर्धा र वेगळा. एखाद्या मुलीने किंवा मुलाने हे सगळं निगुतीने सांभाळलेलं दिसलं, की मला मनापासून आनंद होतो. चकचकीत परिणाम संगणक देतो. ही जाण मात्र डोळे आणि हात झिजवूनच येते.

अक्षररचनाकार र. कृ. जोशी जेजेचेच विद्यार्थी. पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन शिकवणाऱ्या विभागात त्यांनी शिकवलं. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉण्ट त्यांनी घडवला. संगणकावर मराठी वाचणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांनी तो वर्षानुवर्षं वाचला, तो कुणी केला हे न विचारता. आणि कमल शेडगे! वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नाटकाच्या नावाची अक्षरं ते अशी काढत, की नाटक गंभीर आहे की खेळकर, हे वाचायच्या आधीच कळे. अशा माणसांच्या मुंबईत दुकानांच्या मराठी पाट्या हाताला येईल त्या फॉण्टमध्ये लागतात, याचं मला वाईट वाटतं.

कामाशेजारी रफ, म्हणजे कच्ची रेखाटनं ठेवलेली असतील, तर ती जरूर चाळा. मला ती पक्क्या कामाइतकीच मोलाची वाटतात. एखादा काना जाड करून पाहिलेला, मग बारीक, मग पुन्हा खोडलेला. निर्णय कसा झाला ते तिथे दिसतं.

आणि काम करणारी मुलं आसपासच असतात. ‘छान आहे’ म्हणून पुढे सरकू नका. हाच फॉण्ट का घेतला, एवढी जागा मोकळी का सोडली, असं विचारा. काही वाचता आलं नाही, तर तेही स्पष्ट सांगा. अनोळखी वाचकाचं मत त्यांच्या फार कामाचं असतं.

तुमच्या वाचनालयाची पाटी, नाट्यमंडळाचं पोस्टर किंवा बचत गटाच्या मसाल्याचं वेष्टन करायचं असेल, तर तिथेच विषय काढा. फक्त मानधन आधी ठरवा. शिकणारी मुलं आहेत म्हणून काम फुकट मागू नका.