काळ्याच्या उंटाची वाट

श्रोतेहो, नमस्कार. जवळ बुद्धिबळाचा पट असेल तर मांडून घ्या आणि आज काळ्या मोहऱ्यांच्या बाजूला बसा.

समोरच्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारलं, डी ४, म्हणजे डी या उभ्या पट्टीतलं चौथं घर. आपण डी ५. लगेच तो सी ४ खेळला. आपल्या मधल्या प्याद्यावर मारा आला. आता त्याला जोर कुठून द्यायचा? ई ६ ही पक्की चाल आहे, शंकाच नाही. पण तिने पांढऱ्या घरांवरून चालणारा आपला उंट कोंडला जातो. डाव निम्मा सरला तरी हा उंट जागचा हललेला नाही, असं मी कितीदा तरी पाहिलंय, आणि दर वेळी जीव हळहळतो. म्हणून मी सी ६ सुचवतो. हाच स्लाव्ह बचाव. घोड्याचं आवडतं घर अडतं खरं, पण उंटाची वाट मोकळी राहते.

वाट मोकळी आहे म्हणून उंट लगेच बाहेर काढू नका! दोघांचे घोडे एफ ३ आणि एफ ६ वर आले, पांढऱ्याचा दुसरा घोडा सी ३ वर आला, आणि तुम्ही उंट एफ ५ वर नेलात, तर पांढरा डी ५ वर मारामारी करून वजीर बी ३ वर आणतो. बी ७ च्या प्याद्याला त्या उंटाचाच जोर होता. तो गेला, प्यादं उघडं पडलं.

म्हणून आधी सी ४ वरचं प्यादं मारा. तिथे पोचलेलं आपलं प्यादं आपल्याला बी ५ ने राखता येऊ नये म्हणून पांढरा बहुधा ए ४ खेळतो. तिथे त्याचं बी ४ हे घर कायमचं कच्चं होतं. आता खुशाल उंट एफ ५ वर काढा. मग ई ६, दुसरा उंट बी ४ वर, आणि किल्लेकोट. मारलेलं प्यादं पांढरा परत घेईल, घेऊ द्या.

आलेखिन आणि यूव यांच्या 1935 आणि 1937 च्या जगज्जेतेपदाच्या लढतींत हा बचाव पुन्हा पुन्हा पटावर आला. 2006 मध्ये क्रामनिक आणि तोपालोव यांच्या लढतीतही तो होता.

पांढऱ्याने तिसऱ्याच चालीला डी ५ वर प्यादी बदलली, तर डाव बरोबरीचा म्हणून कंटाळू नका. सी ६ चं घर रिकामं झालंय, घोडा तिथे आणा.